परतीचा बाण

सर, तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी अक्कांनी नेहमीसारखं सकाळी अंगण धुतलं. फरशी निथळली, तुळशीपाशी ऊन आलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "शांता, सवयीनं धुतलं गेलं गं. आता या ओल्या फरशीचं मी काय करू?" तुमची थोरली बहीण, सगळ्या पंचवटीला काय करावं ते सांगणारी, ती मला विचारत होती. सुतकात रांगोळी नसते, त्यामुळे मलाही काही सुचेना. फरशी वाळेपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसलो आणि मनसोक्त रडलो.

तुमच्याबद्दल वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आहेत. जन्म, शिक्षण, कॉलेजातली नोकरी, विषमज्वराचं दुखणं. शेवटी लिहिलंय, 'स्वभावाने अत्यंत शांत.' इतक्या रडण्यातसुद्धा मला हसू फुटलं. ज्यानं लिहिलं त्यानं तुमच्यापुढं एकदाही 'स्थलांतर म्हणजे काय, इथून उठायचं आणि तिथं जाऊन बसायचं' असं म्हटलेलं दिसत नाही. म्हटलं असतं तर खडू कसा उडतो ते कळलं असतं बिचाऱ्याला.

तर ते सगळं त्यांच्याकडे राहू द्या. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि असं मध्येच उठून निघून जाणं तुम्हांला शोभत नाही.

आठवतो का आमचा पहिला शनिवार? इंटर होऊन मी तुमच्या वर्गात आले. भूगोल घेणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि मुलगी मी एकटी. कॉलेजातला जगाचा नकाशा घडीवर फाटलेला, अटलांटिक महासागराला वरपासून खालपर्यंत चीर गेलेली. तुम्ही म्हणालात, "हा जगातल्या माणसांच्या स्थलांतराचा भूगोल आहे. भिंतीवरचा नकाशा नुसता बघता येतो. मला त्यात उभं राहता आलं पाहिजे. शनिवारी सकाळी घरी या, आणि वहाणा बाहेर काढा."

आम्ही आलो तर अंगणभर जग पसरलेलं. पांढऱ्या रांगोळीनं खंडांच्या कडा, कपड्यांच्या निळीनं समुद्र, विषुववृत्ताला ताणून बांधलेली सुतळी. हे सगळं तुम्ही कशातही न बघता, उकिडवे बसून, चिमटीनं सोडलं होतं. आम्ही तोंडात बोट घालून बघत राहिलो. मग तुम्ही टाळी वाजवलीत. "कलकत्त्याहून जहाज सुटतंय. तुम्ही करारावरचे मजूर. उसाच्या मळ्यात राबायला निघालात. चला मॉरिशसला!"

आणि आम्ही निघालो. पण कसे? सगळे भिंतीच्या कडेकडेनं, एकामागून एक, धोतरं सावरत. तुळशीला वळसा घालून, आफ्रिकेच्या पाठीमागून, अंग चोरून मॉरिशसकडे! रांगोळीवर पाय द्यायचा नसतो हे आम्हांला बाळकडूबरोबर पाजलेलं. हे आपलं काही चुकतंय, असंसुद्धा कुणाच्या मनात आलं नाही.

"अरे गाढवांनो," तुम्ही ओरडलात, "जग पुढं मांडलंय आणि तुम्ही प्रदक्षिणा कसली घालताय?"

मग तुमची नजर युसूफवर गेली. मालेगावच्या विणकरांचा मुलगा. तोही आमच्याच रांगेत, भिंतीला चिकटून. "युसूफ, तुझ्या घरी तर रांगोळी नसते. तू का कडेनं निघालास?"

युसूफ म्हणाला, "सर, मला वाटलं, यांच्यात हे धरमाचं काही असेल. पहिल्याच दिवशी पाय देऊन झगडा कशाला?"

तुम्ही इतके हसलात की डोळे पुसावे लागले. मग स्वतः पुढं झालात आणि सरळ बंगालच्या उपसागरात पाय ठेवलात. त्या वर्षांत तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, देवळात पाय ठेवू द्या म्हणून माणसं सत्याग्रहाला बसत होती, आणि द्यायचा की नाही यावरून गावात घराघरात जुंपलेली. तुमच्या अंगणात कायदा एकच होता. ज्याचे पाय निळे झाले नाहीत त्याचा धडा झाला नाही. तास संपला की सगळ्या खंडांच्या कडा पुसलेल्या असायच्या, आणि तुम्ही खुशीत म्हणायचात, "बघा, माणसं चालली की असं होतं." मग अक्का केरसुणी घेऊन यायच्या आणि जग भरून न्यायच्या.

त्या दिवशी मी घरी गेले तर आई माझ्या पायांकडे बघतच राहिली. आई सटाण्याची. लग्न होऊन नाशकात आली तेव्हापासून बोलणं अगदी इथलं झालंय, पण राग आला किंवा जीव भरून आला की आतली अहिराणी बाहेर पडते. "काय शे हे? कुठं बुडवून आलीस पाय?" मी म्हटलं, बंगालच्या उपसागरात. तिनं कपाळाला हात लावला. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे माझं जे काही वेडंविद्रं व्हायचं ते तिलाच एकटीला बघावं लागायचं.

तुमच्या त्या अंगणात मी जग शिकले, सर. पोटासाठी आपखुशीनं निघालेल्यांना हळदीचा बाण, बळजबरीनं नेलेल्यांना गेरूचा. आफ्रिकेतून गुलामांचा गेरू निघायचा तेव्हा वाटी खरवडली जायची, आणि त्या दिवशी तुम्ही कुणाला हसू द्यायचा नाहीत. आयर्लंडातून बटाटा कुजला म्हणून निघालेली माणसं हळदीत घालायची की गेरूत, यावर आपण एक अख्खा शनिवार भांडलो. तुम्ही म्हणालात हळद, कारण त्यांना कुणी बांधून नेलं नव्हतं. मी म्हटलं, भुकेनं दावं लावलं तर ते दावं नव्हे काय? शेवटी तुम्ही दोन्ही मिसळून चिमूट सोडलीत आणि म्हणालात, "नाव ठेवताना तुझ्या आईनं हवामान पाहिलेलं दिसत नाही, शांते." चिडले होते, पण आत कुठंतरी फार बरं वाटलं होतं. माझ्या बोलण्यानं नकाशात रंग बदलला होता. तोवर माझ्या बोलण्यानं कुठंच काही बदललं नव्हतं.

आता खऱ्या भांडणाकडे येते.

तुमच्या नकाशात सगळे बाण जायचे. येणारा एक नाही. मी हे पहिल्या वर्षीच पाहिलं होतं, पण बोलायला जीभ दुसऱ्या वर्षी सुटली. तुमच्या शेजारी घर बांधत होते. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याकडची माणसं डोंगरातून खाली कामाला उतरतात, त्यांतलीच काही तिथं होती. घमेलं घेऊन चाललेल्या एका बाईला मी भिंतीवरून विचारलं, "पावसाळ्यात परत जाता का हो?" तिनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "मंग? घर काय इथं हाय?"

मी आत येऊन म्हटलं, "सर, बघा. ही माणसं दर वर्षी येतात आणि नागली लावायला परत जातात. यांचा परतीचा बाण कुठंय?"

"ते हंगामी. ते वेगळं."

"बरं, वेगळं. मग मॉरिशसहून करार संपवून आलेले? अमेरिकेतून गाठीला पैसे बांधून आपल्या गावी आलेले इटलीचे लोक? पुस्तकात आहेत, तुमच्याच पुस्तकात. तुमच्या अंगणात मात्र गेलेला माणूस गेलाच!"

तुम्ही हळदीची वाटी खाली ठेवलीत आणि आत निघून गेलात. अक्का बाहेर येऊन म्हणाल्या, आज पुरे. आणि मी, तुम्हांला माजघरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वाद हरायला आला की आत जातात!" युसूफनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता कॉलेजातून माझं नाव काढून टाकणार. तुम्ही पुढच्या शनिवारी काही झालंच नाही अशा थाटात रांगोळी घेऊन बसलात. बाण तसेच, सगळे जाणारे.

त्याबद्दल मी माफी मागणार नाही. मी बरोबर होते आणि तुम्हांलाही ते ठाऊक होतं.

मग मी बी. ए. झाले, आणि तुम्ही कुणाकुणाला गाठून, माझ्या नकळत, विलायतेतल्या विद्यापीठात माझ्यासाठी जागा आणि शिष्यवृत्ती उभी केलीत. हाच विषय, माणसांच्या स्थलांतराचा भूगोल, आणि तिथं म्हणे त्यासाठी खोली भरून नकाशे आहेत. मी आनंदानं वेडी झाले. राहिली आई. आई तीन दिवस बोलली नाही, आणि चौथ्या दिवशी इरकली लुगडं नेसून म्हणाली, "चल तुझ्या सरांकडे. मला त्यांना एकच विचारायचंय."

तुमच्या ओसरीवर बसून तिनं विचारलं, "सर, मला शिक्षणातलं कळत नाही. तुमचा शब्द मी मानते. एवढंच सांगा. ही परत येईल ना?"

एक 'हो', सर! एवढं एक 'हो' म्हटलं असतंत तर मी त्याच महिन्यात बोटीवर असते. कुठलाही भला माणूस म्हणाला असता. अहो, भटजीसुद्धा पत्रिका न बघता म्हणाला असता! आणि तुम्ही काय म्हणालात? "बाई, ते मी सांगू शकत नाही. गेलेल्यांतले पुष्कळ येत नाहीत."

माझ्या कानशिलांत आग पेटली. मी उठले, वहाणा घातल्या आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले. आई बऱ्याच वेळानं बाहेर आली. घरी येऊन लुगड्याची घडी घालताना म्हणाली, "जायचं नाही." विषय संपला.

त्याहून कहर म्हणजे तुम्ही. पुढच्या शनिवारी मी यायचंच नाही असं ठरवलं होतं, पण पाय आपोआप पंचवटीकडे वळले. तुम्ही निळीची पुडी सोडत विचारलंत, "मग? कधी निघतेस?"

"तुम्हीच तर दार लावलंत!" मी जवळजवळ किंचाळले.

"मी दार लावलं नाही. मी खोटं बोललो नाही. त्यांनी जागा पुढच्या वर्षापर्यंत राखलीय. आईला समजाव."

दर शनिवारी हेच. कधी निघतेस? मी दर शनिवारी तडतडायची, अक्का दर शनिवारी आम्हां दोघांना चहा देऊन गप्प करायच्या. मुंबईच्या बंदरापलीकडे ज्यांनी कधी पाऊल टाकलं नाही त्या माणसानं मला सातासमुद्रापार ढकलावं, आणि ढकलताना पायात काठीही घालावी! तुमच्या दुखण्यात शेवटची भेटले तेव्हाही मी हेच बोलले. अंग तापानं फणफणलेलं, आणि तुम्ही विचारलंत, "जागा आहे ना अजून?" मी म्हटलं, "आहे. पण तुम्ही तरी कधी कुठं गेलात?" तुम्ही म्हणालात, "म्हणून तर तुला सांगतोय." मग डोळे मिटलेत. मी पांघरूण नीट केलं आणि निघाले, कारण मला वाटलं पुढच्या शनिवारी बोलू.

जे बोलायचं होतं ते हे. माझा तुमच्यावर फार जीव होता. वडील गेल्यावर माझ्याशी कुणी वाद घातला नव्हता. सगळे एक तर कीव करायचे किंवा गप्प बसायला सांगायचे. तुम्ही माझ्याशी बरोबरीनं भांडलात, रागावलात, आणि दर वेळी पुन्हा अंगण मांडून ठेवलंत. हे तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही खडू मारला असता. तरी सांगायला हवं होतं.

तुमच्या तेराव्याहून आम्ही मायलेकी घरी आलो. आईनं पाय धुतले, देवापाशी दिवा लावला आणि भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "तू त्या दिवशी तणतणत बाहेर गेलीस, तेव्हा सर माझ्याशी बोलले होते. तुला सांगू नका म्हणाले नाहीत, पण मी सांगितलं नाही."

मी तिच्यापुढं येऊन बसले.

"त्यांचा धाकटा भाऊ मोंबासाला गेला होता. रेल्वेत कारकुनीला. तो निघताना त्यांच्या आईनं यांना विचारलं, तू शिकलेला आहेस, तू सांग, येईल ना माघारी? हे म्हणाले, येईल, का नाही येणार. पहिली काही वर्षं पत्रं आली, मग तीही बंद झाली. ती बाई यांच्या शब्दावर वाट बघत बसली, मरेपर्यंत. दारात कुणाचं पाऊल वाजलं की आधी यांच्याकडे बघायची. मला म्हणाले, 'बाई, तसलं हो मी आयुष्यात एकदा म्हटलंय. आता कुठल्याच आईला म्हणणार नाही.'"

सर, मला काय काय समजलं त्या एका क्षणी! नुसत्या जाणाऱ्या बाणांचं अंगण, वाटी खाली ठेवून आत जाणं, अक्कांचं 'आज पुरे'. मी ओच्यात तोंड घालून रडले. आई थांबली, मला रडू दिलं, आणि मग तिच्या त्या सटाण्याच्या करड्या आवाजात म्हणाली, "आता ऐक. 'हो' म्हणणं त्यांना किती सोपं होतं. मी तर तेच ऐकायला लुगडं बदलून गेले होते. नाही म्हणाले. असल्या माणसानं तुला खोटं काही शिकवलं नसेल. इतके दिवस मी अडून बसले, कारण तुला ढकलायला ते होते. आता ते नाहीत. मग मीच नको का ढकलायला?"

"आई, आणि मी आलेच नाही तर?"

"तर नाही आलीस. मी माझी माझी वाट बघेन. कुणाच्या शब्दावर नाही बघणार."

कालच्या शनिवारी अंगणात पुन्हा रांगोळी पडली. मी काढली. युसूफ मालेगावहून सर्व्हिस मोटारीनं आला, जुनी-नवी सगळी मुलं आली. मी पहिल्यांदाच एकटीनं जग काढत होते, तरी वाईट जमलं नाही. अक्का पायरीवरून म्हणाल्या, "ऑस्ट्रेलिया सुजलाय गं जरा." मी म्हटलं, सुजू द्या, तिथं जागा पुष्कळ आहे. पुष्कळ दिवसांनी अक्का हसल्या.

शेवटी हळदीची वाटी घेतली. नाशकातून मुंबई, मुंबईहून एडन, सुएझ, आणि तिथून वर विलायत. माझा बाण. काढून झाल्यावर मी उठले आणि त्यावरून चालत गेले, टाचेला हळद, बोटांना नीळ. विलायतेत पोचून वळून बघितलं तर आई तुळशीपाशी उभी. तिनं जन्मात रांगोळीवर पाय दिलेला नाही. लहानपणी माझा चुकून पडला तर तिनं मला हात जोडायला लावले होते. तिनं लुगड्याचा काठ जरा उचलला, खाली बघितलं, रांगोळीला नमस्कार केला, आणि हळूच नकाशात आली. कडेनं नाही, सर. सरळ आली आणि नाशकावर उभी राहिली. तिच्या एका पावलाखाली नाशिक आणि सटाणा दोन्ही झाकली गेली. तिचा सगळा प्रवास तेवढ्यात मावला.

तिथून समुद्रापलीकडे माझ्याकडे बघून म्हणाली, "जाय तू. मी आठेच शे." आठेच, सर. इथंच.

युसूफनं तोंड फिरवलं. अक्का केरसुणी आणायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

चैत्रात मी निघते. परतीचा बाण मी काढला नाही. तुमचा मान राखायला नाही, उगाच गैरसमज नको. न चालता काढलेला बाण म्हणजे पुन्हा नुसतं 'हो' म्हणणंच झालं असतं, आणि तेवढं मी तुमच्याकडून शिकले आहे. उरलेली हळद अक्कांनी वाटीसकट फडताळात ठेवली आहे, मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलंय. आल्यावर तो मी स्वतः काढणार, विलायतेपासून या अंगणापर्यंत, ठसठशीत. तोवर वादात तुम्ही पुढे आहात असं समजा, सर. पण फार दिवस नाही.